स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशनचा दिग्दर्शक व्हायचंय, पण घरचे म्हणतात त्याला प्रचंड संयम लागतो. खरं आहे का? या कामात आयुष्य कसं जातं, पैसे मिळतात का?

स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. पण संयमाचं तुणतुणं आता पुरे. हा विषय निघाला की पहिला शब्द तोच, आणि बोलणाऱ्यानं बहुतेक वेळा बाहुलीचा पाय कधी स्क्रूनं आवळलेलाही नसतो. अर्धवट सोडलेल्या फिल्म्स संयमी लोकांच्याच जास्त असतात. दिग्दर्शकाला लागते ती काय करायचं नाही हे ठरवायची अक्कल.

ब्रिटिश स्टॉप-मोशन दिग्दर्शक निक पार्क घ्या. जन्म 1958, प्रेस्टन. 1982 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये शिकताना तो 'अ ग्रँड डे आउट' करायला बसला. 1985 मध्ये ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत लागला आणि त्यांच्या मदतीनं फिल्म 1989 मध्ये संपली. लांबी 23 मिनिटं. ही सात वर्षं लोक संयमाचा दाखला म्हणून सांगतात. मी तो हिशेबाचा धडा म्हणून सांगतो. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 फोटो. बाहुलीची एक पोज दोन फ्रेम धरली तरी सेकंदाला 12 पोज. 23 मिनिटांच्या साडेसोळा हजार. सेट, दिवे, बाहुल्या तयार असतील तर एकटा माणूस दिवसाला दोन-तीन सेकंद नीट काढतो. म्हणजे नुसतं शूटिंगच साडेचारशे ते सातशे दिवस, आणि हा गुणाकार कागदावर पाच मिनिटांत होतो.

पार्कची खरी हुशारी ग्रॉमिटमध्ये आहे. फिल्ममधल्या या कुत्र्याला आधी तोंड असणार होतं. पण त्याचा मालक वॉलेस दरवाजा करवतीनं कापतोय आणि ग्रॉमिट खाली टेकू म्हणून उभा, अशा शॉटमध्ये त्याच्या तोंडापर्यंत बोटं पोचवणंच कठीण. पार्कनं फक्त भुवई हलवून बघितली आणि काम भागलं. तोंड गेलं, त्याबरोबर संवादाला ओठ जुळवायचं काम, म्हणजे लिप-सिंकही गेला, आणि पात्र उलट जास्त बोलकं झालं. संवाद असलेल्या पात्राला आ, ई, ओ, मिटलेलं म-प-ब, दात दाखवणारं फ-व असा दहा-बारा तोंडांचा संच लागतो, आवाज आधी रेकॉर्ड करून एक्सपोजर शीटवर, म्हणजे कोणत्या फ्रेमला काय याच्या तक्त्यावर, मांडावा लागतो आणि तोंड बदलताना डोकं हललं की शॉट बाद. हे सगळं एका भुवईत वाचलं. दिग्दर्शन म्हणतात ते याला.

आता ज्याला लोक संयम संपणं म्हणतात तो प्रत्यक्षात जुगाडाचा त्रास असतो. शॉट लुकलुकतो, कारण ऑटो लेन्स प्रत्येक फोटोला उजेड आत येण्याचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर लहान करते आणि ते दर वेळी अगदी तेवढंच लहान होत नाही. हातानं अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल), फोकस सगळं मॅन्युअल. शटर पाव सेकंद किंवा जास्त, म्हणजे दिव्यांची थरथर त्यात मिसळून जाते. आपल्याकडचा व्होल्टेज वरखाली होतो, पिवळा बल्ब लगेच मंदावतो. स्टॅबिलायझर लावा किंवा चांगल्या ड्रायव्हरचे (वीज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचे) एलईडी घ्या. एलईडीनं मातीही कमी वितळते. खिडकी काळ्या कापडानं बंद. अंगात काळा शर्ट, कारण पांढऱ्याचा उजेड सेटवर पडतो आणि तुम्ही हललात की तोही हलतो. कॅमेऱ्याला बॅटरी नको, मेनचा अ‍ॅडॉप्टर हवा. बॅटरी बदलताना फ्रेम सरकतेच. ट्रायपॉडचे पाय हॉट ग्लूनं जमिनीला चिकटवा.

बाहुलीत दीड-दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पीळ देऊन. ती घोटा आणि मनगटाशी तुटते, वाकून वाकून धातू थकतो, म्हणून सुटे हातपाय आधीच करून ठेवा. तळव्यात एम-3 नट बसवा आणि सेटच्या प्लायला भोकं पाडून खालून स्क्रूनं आवळा. आवळलेला पाय नसेल तर चाल तरंगते. हालचाल सुरू करताना 1, 2, 4, 7 मिलिमीटर असं वाढवत न्या आणि थांबताना तसंच उतरवा. सारख्या अंतरानं सरकवलेली बाहुली यंत्रासारखी दिसते. एवढं पक्कं केलं की चंचल माणूसही दिवसभर काम करू शकतो.

पुढचं आयुष्य वेगळं असतं. पार्कच्याच 'क्रीचर कम्फर्ट्स' या छोट्या फिल्मला ऑस्कर मिळालं तेव्हा त्याची 'अ ग्रँड डे आउट'ही त्याच नामांकनात होती. मग मोठे चित्रपट आले, 2000 मध्ये 'चिकन रन', तोही आर्डमनचा सहसंस्थापक पीटर लॉर्डबरोबर. तिथं अनेक सेटवर एकाच वेळी शूटिंग चालतं आणि दिग्दर्शकाचे हात मातीला फारसे लागत नाहीत. तो एका सेटवरून दुसऱ्या सेटवर फिरतो, अ‍ॅनिमेटरला शॉट स्वतः करून दाखवतो. ज्याला फक्त बाहुल्या हलवायच्यात त्यानं अ‍ॅनिमेटरच राहावं, त्यात कमीपणा नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: पार्कला शाळेची साधनं मिळाली, मग चालू स्टुडिओ मिळाला, आणि आर्डमनचं घर जाहिरातींवरही चाललं. आपल्याकडे मुंबईत सुरेश एरियात यांच्या स्टुडिओ ईकसॉरसच्या 'टोकरी' या छोट्या स्टॉप-मोशन फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण अशा फिल्मवर घरभाडं निघेल असं धरू नका. पैसे जाहिरातीत. आणि जाहिरातवाला संयम बघत नाही, 30 सेकंदांची शोरील, म्हणजे तुमच्या कामाचा नमुना व्हिडिओ बघतो. एक बाहुली, एक सेट, संवाद नाही, 360 पोज. त्यातही पहिले पाच सेकंद सर्वांत चांगले ठेवा, पुढचं बरेच जण बघत नाहीत.