वाचकांचे प्रश्न : ॲप आधी कागदावर वापरून पाहावे

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी पुस्तके शोधण्याचे व राखून ठेवण्याचे ॲप तयार करायचे आहे. काम करणारे आम्ही तिघेच आणि हाताशी चार महिने आहेत. वापरकर्ता-केंद्रित रचनेचे टप्पे कोणते, आणि वेळ अपुरा पडल्यास त्यांतील कोणता गाळता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या ‘आयएसओ ९२४१-२१०’ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा रचनेची, म्हणजे वापरणाऱ्यांच्या गरजांवरून वस्तू घडवण्याची, चार कामे सांगितली आहेत : वापर कोण, कुठे व कशा परिस्थितीत करणार हे समजून घेणे, त्यावरून गरजा निश्चित करणे, रचना तयार करणे आणि ती त्या गरजांच्या कसोटीवर तपासणे. तपासणीत जे उणे आढळेल त्यानुसार पुन्हा आधीच्या कामाकडे जायचे असते, त्यामुळे हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकदाच चढून संपत नाहीत.

यांपैकी एकही पूर्णपणे गाळू नये. प्रत्येक लहान मात्र करता येतो. वेळ कमी पडला की बहुतेक ठिकाणी तपासणीवर गदा येते, कारण ती शेवटी ठेवलेली असते. माझ्या मते तिला सुरुवातीलाच आणणे हा यावरचा खरा उपाय आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमने खेळाडूंना आवाजी निरोप देण्याघेण्याची सोय उभारली, ती बारा भाषांत चालत असे. आयबीएमचे संशोधक जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रणा पूर्ण होण्याची वाट न पाहता वापराचे प्रसंग कागदावर लिहून लोकांना दाखवले, माहितीपुस्तिकेचे मसुदे आधीच वाचायला दिले आणि यंत्राच्या जागी एक पोकळ नळकांडे प्रयोगशाळेच्या मार्गिकेत ठेवून, त्यावर पडद्यांची (स्क्रीनची) चित्रे लावून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची मते घेतली. चूक कागदावर सापडली तर ती खोडरबराने दुरुस्त होते, हे या कामाचे मोठे मोल आहे.

आपण पहिले दोन आठवडे वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाजवळ बसावे. सभासद पुस्तक मागताना नाव अर्धवट सांगतात का, लेखकाचे केवळ आडनाव सांगतात का, मराठी नाव रोमन अक्षरांत टंकतात का, आणि तेव्हा ग्रंथपाल नेमके काय विचारून पुस्तक ओळखतात, हे टिपून ठेवावे. ‘तुम्हाला ॲपमध्ये काय हवे?’ असे विचारण्यापेक्षा हे पाहणे अधिक उपयोगी पडते, कारण रोजच्या सवयी माणसाला स्वतःलाच सांगता येत नाहीत. गरजाही मोघम नकोत. ‘पहिल्यांदा वापरणाऱ्या सभासदाला मदतीविना पुस्तक राखून ठेवता आले पाहिजे’ असे वाक्य पुढे तपासता येते.

मग ॲपचे पडदे कागदावर काढून पाच सभासदांसमोर ठेवावेत, आणि ते अडखळले तरी त्यांना सुचवू नये. (हे फार कठीण जाते, शांत बसण्याची जबाबदारी तिघांपैकी एकावर आधीच सोपवावी.) पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात व दरम्यान दुरुस्त्या कराव्यात, असा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांचा २००० सालचा सल्ला आपल्यासारख्या लहान गटाला विशेष मानवेल. या पाचांत नजर अधू झालेले एखादे ज्येष्ठ सभासद अवश्य असावेत. पहिली फेरी आज्ञावलीची एकही ओळ लिहिण्यापूर्वी व्हावी.