ए प्लस प्लसच्या पलीकडे : शिवाजी विद्यापीठाविषयी वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. निकाल आणि गुणपत्रिकांच्या तक्रारी वगळल्या आहेत, कारण त्यांची उत्तरं परीक्षा विभागच देऊ शकतो.

मुलगी संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी.ला आहे. विद्यापीठाचं ए प्लस प्लस तिच्या महाविद्यालयालाही लागू होतं का? (पालक, कराड)

नाही. ए प्लस प्लस ही नॅकची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, सर्वोच्च श्रेणी. विद्यापीठाचं नॅक मानांकन म्हणजे आवारातले पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय, संशोधन आणि प्रशासन यांचं मूल्यमापन. संलग्न महाविद्यालय नॅककडे स्वतंत्रपणे जातं आणि त्याची श्रेणीही वेगळी असते. महाविद्यालय स्वायत्त नसेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पदवीपत्रावरचं नावही विद्यापीठाचं. वर्गातलं शिकवणं आणि प्रयोगशाळा मात्र त्या महाविद्यालयाचीच.

२०२१ मध्ये विद्यापीठाला ४ पैकी ३.५२ गुणांक मिळाला. ए प्लस प्लस ३.५१ पासून सुरू होतं, म्हणजे उंबरठा ओलांडला तो थोडक्यात. तरीही या आकड्याचं मोल आम्हाला मोठं वाटतं. विद्यापीठांच्या मूल्यमापनात १००० पैकी सर्वाधिक २५० गुण संशोधनाला असतात आणि तिथे इमारतींचे फोटो दाखवून भागत नाही.

संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत सर्वात मोठा वाटा, ३५० गुणांचा, अध्ययन-अध्यापनाला, म्हणजे दुसऱ्या निकषाला असतो. म्हणून मुलीच्या महाविद्यालयाचा अहवाल उघडलात की आधी दुसऱ्या निकषाचे गुण बघा, मग मानांकनाची तारीख. श्रेणीचं अक्षर सगळ्यात शेवटी.

इथल्या भौतिकशास्त्र विभागाचं पातळ थरांचं संशोधन नावाजलेलं आहे म्हणतात. मोठी यंत्रं नसताना हे कसं जमलं? (बी.एस्सी. तृतीय वर्ष, मिरज)

यंत्रं बेताची होती म्हणूनच वेगळी वाट निघाली. पदार्थाचा पातळ थर बसवायची रूढ रीत निर्वात कक्षाची. तिला महागडे पंप आणि सततची देखभाल लागते. इथल्या संशोधकांनी रासायनिक द्रावणांच्या पद्धती हाती घेतल्या आणि वर्षानुवर्षं घोटल्या. प्रा. सी. डी. लोखंडे यांचं रासायनिक निक्षेपणावरचं, म्हणजे द्रावणातून थर बसवण्यावरचं काम आणि प्रा. पी. एस. पाटील यांचं फवारणी पद्धतीवरचं काम या क्षेत्रातले अभ्यासक चांगलंच ओळखतात.

यातली ‘सिलार’ पद्धत, म्हणजे आयनांचे थर एकामागून एक बसवण्याची रीत, समजून घ्यावी अशी आहे. चार बीकर ओळीने मांडायचे : पहिल्यात तांब्याच्या क्षाराचं द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, चौथ्यात पुन्हा शुद्ध पाणी. काचपट्टी पहिल्यात दहा-वीस सेकंद बुडवली की तांब्याचे आयन काचेला चिकटतात. दुसऱ्यात सैल राहिलेले धुऊन जातात. तिसऱ्यात सल्फाइड येऊन त्यांच्याशी जुळतं आणि चौथ्यात उरलंसुरलं निघून जातं. हे झालं एक आवर्तन. एका आवर्तनात थर फार तर काही नॅनोमीटर वाढतो, म्हणून तीस-चाळीस आवर्तनं करावी लागतात. काच हळूहळू तपकिरी, मग गडद होत जाते.

बहुतेकांची गडबड होते ती दुसऱ्या बीकरपाशी. कंटाळून धुणं आवरतं घेतलं तर सैल आयन तिसऱ्या बीकरात उतरतात, काचेऐवजी द्रावणातच साका तयार होतो आणि थर भुकटीसारखा बसतो. बोट फिरवलं की निघतो. दुसरं कारण काचेवरचा तेलकटपणा. पट्टी नीट धुतली असेल तर पाणी तिच्यावर सलग पसरतं. थेंब थेंब उभे राहिले तर पुन्हा धुवा. उलट, फार वेळ धुतलं तर चिकटलेले आयनही जातात आणि थर वाढतच नाही. धुण्याची वेळ ठरवणं हेच या कामातलं खरं कसब.

घरी मात्र करून बघू नका. सोडियम सल्फाइडमध्ये आम्लाचा अंश गेला तर विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. महाविद्यालयात, धूरकक्षात आणि शिक्षकांसमोरच करा.

अशा थरांपासून सौरघट, वीज झटपट साठवणारे सुपरकपॅसिटर, वायू ओळखणारे संवेदक बनवता येतात. शिवाय ही पद्धत साध्या तापमानाला चालते, त्यामुळे प्लास्टिकवर किंवा वाकड्या पृष्ठभागावरही थर बसवता येतो.

सोलापूर वेगळं झाल्यावर विद्यापीठ दुबळं झालं का? (वाचक, सांगोला)

आमच्या मते नाही. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा ३४ महाविद्यालयं संलग्न होती. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, आता कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे उरले. परीक्षांचा भार हलका होणं विद्यार्थ्याच्या हिताचंच आहे.

विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पं जोपासली आहेत. डोंगरातून एक कंद आणून परसात लावला तर चालेल का? (निसर्गप्रेमी, गडहिंग्लज)

कृपया आणू नका. सह्याद्रीतल्या कित्येक कंदीलपुष्प जाती दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. काहींची झाडं एखाद्या सड्यावर किंवा कड्यावर मोजकीच उरली आहेत. चराई, वणवे आणि कंद उकरून खाणं यांनी त्या आधीच खचल्या आहेत.

फुलाची रचना जवळून पाहिलीत की जपणूक का हवी ते कळेल. तळाशी फुगीर कुपी, वर अरुंद नळी आणि माथ्यावर टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्या. नळीतले केस खाली वळलेले असतात. वासाने आलेली चिलटाएवढी माशी आत घसरते आणि बाहेर पडू शकत नाही. पुढे केस सुकतात, फूल कलतं आणि माशी परागपिंड (परागकणांचे पुंजके) अंगाला घेऊन सुटते. ती माशी आसपास नसेल तर परसातल्या झाडाला फुलं येतील, शेंगा धरणं कठीण.

खणलेला कंद सहसा दोन कारणांनी मरतो : उकरताना वरचा कोंब तुटतो, किंवा काळ्या भारी मातीत पाणी तुंबून कंद कुजतो. विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवलंबलेला मार्ग वेगळा आहे. बियांपासून आणि ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून) रोपं वाढवायची, मग ती पुन्हा मूळ अधिवासात लावायची. ऊतिसंवर्धनासाठी पेराचा छोटा तुकडा पुरतो, कंदाला हात लावावा लागत नाही. उद्यानाला भेट द्यायची तर पावसाळ्यात वनस्पतिशास्त्र विभागाची आगाऊ परवानगी घेऊन जा. उन्हाळ्यात वेल सुकून जातो आणि जमिनीवर काहीच दिसत नाही.

विद्यापीठ पावसाचं पाणी साठवून वापरतं, तसं आमच्या सहा एकरांत जमेल का? (प्राध्यापक, वाई)

जमेल, पण आधी हिशेब मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. विद्यापीठाचं आवार ८५३ एकर, सुमारे ३४५ हेक्टर. तिथे एका मिलिमीटरला साडेचौतीस लाख लिटर पाणी पडतं. तुमच्या सहा एकरांत, म्हणजे जवळपास २.४ हेक्टरांत, २४,००० लिटर.

सुरुवात छपरापासून करा. १००० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख लिटर पडतं, त्यातलं सुमारे ८० हजार हाती येतं. पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते सोडून द्यायची वेगळी तोटी बसवा.

तळं खणायचं तर पसरट नको, खोल हवं. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत उडतं, तीन महिन्यांत साठ-सत्तर सेंटिमीटर. मीटरभर खोलीच्या तळ्यात मग जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर पाणी उरतं. तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा छोटा खड्डा ठेवा आणि तो दर एप्रिलमध्ये उपसा. आपल्याकडचा काळा पाषाण अखंड असला की पाणी मुरत नाही, म्हणून शोषखड्ड्याआधी चाचणीचा खड्डा घ्या. त्यात भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तसंच दिसलं तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नका, ते टाकीकडे वळवा.