"किती पेशंट झाले?"

थीसिसचे गाईड असलेले डॉक्टर माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा काळजी बहुतेक एकच असते, मागे लागलं तर थीसिस करणारी मुलं म्हणतात छळतात, सोडून दिलं तर शेवटच्या महिन्यात काहीतरी जुळवून आणतात, मग करायचं तरी काय? हे इतक्यांदा ऐकलंय की एक केस लिहूनच टाकतो, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

एक प्रोफेसर मॅडम. त्यांच्या हाताखाली पीजी करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरने ६० पेशंटचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ता, आणून दिला, तीन-तीन फॉलोअप आणि एकही रकाना रिकामा नाही. "अहो, माझ्या ओपीडीत कितीतरी पेशंट परत फिरकत नाहीत, आणि याचे ६० च्या ६० आले?" खोदून विचारल्यावर तो रडला, २३ पेशंटचे आकडे रूमवर बसून भरले होते.

"त्याने मला फसवलं", दोन-तीन भेटी हेच. मी अडवलं नाही, राग खराच होता. मग एकदा विचारलं, "भेटल्यावर तुम्ही त्याला काय विचारायचात?"

"काय म्हणजे? किती झाले, हेच."

"आणि कमी झाले असतील तर?"

"तर बोलणी खायचा."

"अडलंय असं कधी म्हणाला तो?"

बराच वेळ गप्प. हातातल्या पेनाचं टोपण काढ-घाल चाललं होतं ते थांबलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "मी आकडा मागत होते. त्याने आकडा दिला."

हे मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यांच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसता आलं याचं मला आजही समाधान आहे. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करतो, १९५५ पासूनची ही पद्धत, पण मला ती अजून ताजी वाटते. ती इच्छा आणि हट्ट यांत फरक करते. विद्यार्थ्याने वेळेत काम करावं ही इच्छा रास्तच, पण "माझ्या हाताखाली कुणाचं अडताच कामा नये" असा हट्ट झाला की समोरचा अडचण लपवायला शिकतो.

खोटा डेटा मात्र खोटाच. त्या २३ नोंदी काढल्या, डिपार्टमेंटला आणि एथिक्स कमिटीला कळवलं, त्याला भोगायचं ते भोगावं लागलं, आणि उरलेल्या ३७ वर, मर्यादा स्पष्ट लिहून, थीसिस झाला.

गाईड मंडळींनो, विषय ठरवतानाच बघा की असे पेशंट महिन्याला खरोखर किती येतात, सॅम्पल साईज, म्हणजे अभ्यासाला किती पेशंट हवेत, ते काढताना मधेच सुटणाऱ्यांची गळती धरा. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेली म्हणजे थीसिस फसला असं नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पोरं तिला खाली आणायच्या वाटा शोधत बसतात. पंधरा दिवसांनी वीस मिनिटं द्या, पण नाईट ड्यूटी करून आल्या आल्या नको, आणि पहिला प्रश्न विचारा, कुठे अडलंय?

परवा मॅडमनी नव्या रेसिडेंटचा मेसेज दाखवला. "मॅडम, या आठवड्यात एकही पेशंट नाही. दोघांनी कन्सेंटला नकार दिला, फॉर्मची भाषा त्यांना कळत नाहीये." सोपा फॉर्म करून कमिटीकडे पाठवायचाय म्हणून त्या भेटीतून दहा मिनिटं लवकर उठल्या.