हंगामाच्या मध्यात हेड कोच गेला, तर नवा कसा निवडायचा?

प्रश्न असा आहे: हंगाम अर्ध्यावर असताना फुटबॉल क्लबचा हेड कोच सोडून गेला, तर मोठं नाव आणावं, की सहायकालाच बसवावं? माझ्या मते दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी: आपला संघ कसा खेळणार. माणूस त्यानंतर.

इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटीचं उदाहरण घ्या. अनेक देशांत क्लब असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये क्लब घेतला आणि 2020 मध्ये सर्जिओ लोबेराला आणलं. चेंडू ताब्यात ठेवून मागून रचत जाण्याचा खेळ त्याने एफसी गोव्यात आधीच बसवला होता. गोव्याहून अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाईही मुंबईत आले, म्हणजे त्या पद्धतीचा कणाच सोबत आला. पहिल्याच हंगामात शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला) आणि चषक (त्यानंतरच्या बाद फेरीच्या, म्हणजे प्लेऑफच्या विजेत्याला) दोन्ही मिळाले. ऑक्टोबर 2021 मध्ये लोबेरा गेला, तेव्हा त्याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीतला सहायक डेस बकिंगहॅम आला. पहिल्या हंगामात संघ पाचवा, प्लेऑफ हुकला. तरी क्लबने त्याला ठेवलं आणि पुढच्या वर्षी सलग 18 सामने अपराजित राहून संघाने शील्ड जिंकली. नोव्हेंबर 2023 मध्ये तो इंग्लंडला परतला. डिसेंबरात पीटर क्रॅटकी आला, तोही मेलबर्न सिटीचाच सहायक. 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून चषक मुंबईत. कोच तीन, पण प्रत्येक वेळी नव्याने शून्यापासून शिकवावं लागलं नाही.

उलट बाजू पाहायची तर मँचेस्टर युनायटेड. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी रुबेन अमोरिमला आणलं. त्याची पद्धत तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंग बॅकची (कडेने वर-खाली धावणारे), संघ मात्र चार बचावपटूंच्या हिशेबाने जमवलेला. नवी पद्धत बसवायला सरावाचे दिवसच नव्हते. हंगामाअखेर युनायटेड पंधरावं.

तुमच्यामागे असा ग्रुप नसला तरी काम याच क्रमाने होतं. आधी एका पानावर लिहा: प्रेसिंग (चेंडू हिसकावायला टाकलेला दबाव) मैदानात किती वरून, मागे तीन की चार, अकादमीतली किती मुलं दोन वर्षांत वर यायला हवीत. मग पंधराएक नावं काढा आणि चारवर आणा. निकालांवर जाऊ नका. प्रत्येकाचे हरलेले चार-पाच सामने पूर्ण बघा. एक गोल मागे पडल्यावर साठाव्या मिनिटानंतर तो काय बदलतो, यातून बरंच कळतं. त्याच्या जुन्या संघाच्या फिजिओशी आणि बाकावर बसणाऱ्या खेळाडूंशी बोला. कर्णधार बहुधा चांगलंच सांगतो. मुलाखतीत भाषण ऐकू नका. आदल्या दिवशी आपल्याच तीन सामन्यांचं फुटेज द्या आणि विचारा, सोमवारच्या पहिल्या सरावात काय घ्याल?

आयएसएलमध्ये एक प्रश्न मी सगळ्यात वर ठेवेन. मैदानावर एका वेळी चारच परदेशी असतात, म्हणजे सात भारतीय. त्या सातांची नावं आणि जागा उमेदवाराला सांगता आल्या नाहीत, तर त्याने आपला संघ पाहिलेलाच नाही.

हंगामी, म्हणजे तात्पुरत्या कोचच्या बाबतीत घाई नको. ओले गुन्नार सोल्शायरने डिसेंबर 2018 पासून 19 पैकी 14 सामने जिंकले, मार्च 2019 मध्ये युनायटेडने त्याला कायम केलं आणि त्यानंतर संघ घसरून सहावा आला. नवा माणूस आला की खेळाडू जास्त धावतात, पण तो जोर टिकतोच असं नाही. निर्णयाची तारीख आधीच ठरवा, हंगामाच्या शेवटी, आणि ती जिंकण्याच्या लाटेत पुढे ओढू नका.

कराराच्या वेळी सहायकांकडे दुर्लक्ष होतं. 2013 मध्ये डेव्हिड मॉयसने युनायटेडमध्ये येताच आधीचे सहायक फेलन, म्यूलेनस्टीन आणि गोलकीपर कोच स्टील यांना हलवून आपली माणसं आणली. ड्रेसिंग रूम ओळखणारे जुने लोक एका झटक्यात गेले, आणि सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत संपला. म्हणून नव्या कोचला दोन-तीन माणसं आणू द्या, पण गोलकीपर कोच, फिटनेस आणि व्हिडिओ विश्लेषण क्लबच्याच पगारावर ठेवा. करार दोन वर्षांचा आणि पुढचं वर्ष ठरलेल्या कामगिरीवर. मध्येच काढल्यास किती महिन्यांचा पगार आणि दुसऱ्या क्लबने मागितल्यास किती भरपाई, हे दोन्ही आकडे सही होण्याआधी कागदावर हवेत.