आडनाव पुन्हा विचार

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बातमीदारीसाठी स्थलांतरितांच्या वस्त्या तुझ्या गळ्यात मारल्या आणि सिटी हॉल, म्हणजे महापालिका, दुसऱ्याला दिला, म्हणून तू खट्टू आहेस. बायलाइनमधलं, म्हणजे बातमीवर छापलं जाणारं, आपलं नाव छोटं करावं का, असंही विचारतेस. नाव तुझं, तूच ठरव. मी माझं कापलं नाही. पण मला काळजी आहे ती तू लिहितेस त्या माणसांच्या नावांची.

जोसेफ पुलित्झर १८६४ मध्ये हंगेरीतून अमेरिकेत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, इंग्रजी जेमतेम. १८६८ मध्ये सेंट लुइसला बातमीदारी मिळाली तीही जर्मन भाषेतल्या 'वेस्टलिशे पोस्ट'मध्ये. म्हणजे तू जिला नाक मुरडतेस तीच स्थलांतरितांची बीट. दहा वर्षांनी त्यानं लिलावात २,५०० डॉलरला 'डिस्पॅच' हे वृत्तपत्र घेतलं, १८८३ मध्ये न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड'. पण मला मोलाचं वाटतं ते १८८५ साल. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा त्यानं वाचकांकडे मागितले आणि रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापलं. लाखावर डॉलर जमले. बहुतेकांनी पुरता एक डॉलरही दिलेला नव्हता. ती लांबलचक यादी बोटानं चाचपत आपलं नाव शोधणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात याच 'वर्ल्ड'नं काय भडक मथळे दिले ते ठाऊक आहे, ते मला ऐकवू नकोस.

मी रात्रपाळीला असताना एका बस ड्रायव्हरच्या निधनाची बातमी फोनवर घेतली. आडनाव परक्या वळणाचं. माझंही तसंच, तरी पुन्हा विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांची मुलगी ऑफिसात आली. हातात कात्रण, चुकलेल्या अक्षरावर निळ्या पेनानं बरोबर अक्षर लिहिलेलं. भांडली नाही. ताजा अंक आहे का, एवढंच विचारलं; म्हणजे तिला वाटलं होतं, आम्ही दुरुस्त करून पुन्हा छापला असेल. आमचा खुलासा आला, चार ओळींचा, आतल्या पानावर.

संपादक झाल्यावर मी नियम केला: प्रत्येक नाव अक्षर अक्षर वाचून दाखवायचं, त्या माणसाकडून होकार घ्यायचा, मगच पान सोडायचं. लोक वैतागले. दोन मोठ्या बातम्यांत आम्ही मागे पडलो, मालकांनी मला बोलावून घेतलं. मी नियम बदलला नाही. आजही बदलणार नाही. माझ्या हट्टानं दोन चांगले बातमीदार सोडून गेले, त्याचं वाईट वाटतं, नियमाचं नाही.

सिटी हॉल मिळेल गं. तिथल्या नगरसेवकाचं नाव चुकलं तर त्याचा माणूस पाच मिनिटांत फोन करतो. तुझ्या वस्तीतून कोणी करत नाही. म्हणून नाव विचार. पुन्हा विचार.

तू पाठवलेल्या मसुद्यात त्या भाडेकरू बाईंचं आडनाव पहिल्या परिच्छेदात एक आहे आणि चौथ्यात दुसरं. आत्ता फोन कर. झोपल्या असतील तर सकाळी कामाला निघायच्या आत गाठ. मला उत्तर मागाहून लिही.