घरच्या रेडिओ स्कॅनरसाठी छतावर कोणती अँटेना बसवावी? डिस्कोन घ्यावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: टेबलावरच्या स्कॅनरच्या पाठीमागे लावलेल्या छोट्या दांडीवर विमानांचे संभाषण तुटक आणि हौशी रेडिओचे रिपीटर (संदेश झेलून पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे) जेमतेम ऐकू येतात, तेव्हा छतावर डिस्कोन बसवावी की दुसरी एखादी अँटेना, आणि सोबत बूस्टर घ्यावा का? छतापासून खोलीपर्यंत सुमारे २५ मीटर केबल लागेल आणि ती अर्थातच ५० ओहमची (ओहम हे इथे केबल आणि उपकरण एकमेकांशी जुळण्याचे माप), हातात मावेल अशी बारीक घेणार, हे आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझे उत्तर मुख्यतः त्या शेवटच्या वाक्याला आहे.

अँटेनेचे आधी उरकून टाकतो. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, सागरी पट्टा १५६ च्या पुढे आणि हौशी रिपीटर १४५ व ४३५ च्या आसपास, असे सगळे एकाच स्कॅनरवर फिरवत ऐकायचे असेल तर डिस्कोन घ्यावी. वर आडवी चकती आणि खाली शंकूच्या आकारात पसरलेल्या दांड्या ही तिची रचना आर्मिग कॅंडोयन यांच्या १९४५ च्या पेटंटपासून मुळात बदललेली नाही आणि बदलण्याचे कारणही नाही. मात्र खोक्यावर छापलेल्या ‘२५ ते १३०० मेगाहर्ट्झ’ या आकड्यांवर भाळू नये. शंकूच्या दांड्यांची लांबी ही तिच्या सर्वांत खालच्या वारंवारतेच्या तरंगलांबीचा साधारण चौथा हिस्सा असावी लागते, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या दांड्या असतील तर ८० मेगाहर्ट्झच्या बरेच खाली ती नावापुरतीच डिस्कोन उरते. शिवाय ती कोणत्याच पट्ट्यावर साध्या दोन दांड्यांच्या डायपोल अँटेनेपेक्षा काही विशेष जास्त पकडत नाही, आणि वरच्या वारंवारतांवर तिची नजर क्षितिजावरून उचलली जाऊन आकाशाकडे वळते.

केवळ विमानेच ऐकायची असतील तर डिस्कोनचा खटाटोप करूच नये. पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन अँटेना पुरते: ७५ ला मेगाहर्ट्झने भागावे, आलेल्या मीटरांतून पाच टक्के वजा करावेत, की १२७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ५६ सेंटिमीटरची उभी दांडी मिळते. खालच्या चार दांड्या किंचित लांब ठेवून ४५ अंशांत खाली वाकवल्या की ती ५० ओहमच्या जवळ येते. उंचीबद्दल एवढेच सांगतो की विमानांसाठी मोकळे आकाश हवे, उंच खांब नव्हे. रेडिओचे क्षितिज किलोमीटरांत काढायचे तर उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणावे. यानुसार १०,००० मीटरवरचे विमान स्वतःच ४१२ किलोमीटर घेऊन येते आणि आपली नऊ मीटरवरची अँटेना त्यात जेमतेम १२ ची भर घालते. जमिनीवरच्या केंद्रांसाठी मात्र ते १२ किलोमीटर मोलाचे ठरतात.

आता केबल. प्रचलित बारीक ५० ओहमची आरजी-५८ ही केबल २५ मीटर अंतरात ४५० मेगाहर्ट्झला सुमारे नऊ डेसिबल गिळते, म्हणजे अँटेनेने पकडलेल्या शक्तीचा जेमतेम आठवा हिस्सा स्कॅनरपर्यंत पोहोचतो. तेवढ्याच लांबीची टीव्हीच्या डिशला लागणारी ७५ ओहमची आरजी-६ साडेतीन डेसिबलच्या आसपास घालवते. म्हणून घरगुती स्कॅनरसाठी, फक्त ऐकण्यासाठी, टीव्हीची केबल घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी इतक्या ठासून सांगतो त्याला कारण आहे. आमच्या हौशी रेडिओ मंडळात एक ज्येष्ठ सदस्य होते. त्यांची उभी हयात प्रक्षेपकांपुढे गेली होती, आणि सोल्डरिंगचा हात असा की कनेक्टर पाहूनच तो त्यांनी जोडला आहे हे ओळखावे. मंडळाची बैठक माझ्या घरी होती. त्यांनी छतावरच्या डिस्कोनची तारीफ केली, तिच्या खांबावरून उतरणाऱ्या पांढऱ्या केबलकडे नजर जाताच मात्र थांबले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “अहो, हा स्कॅनर आहे की घरचा टीव्ही? पंचाहत्तर ओहम पन्नासला जोडायचे नसते, हे पहिल्या धड्यात शिकवतात.” मंडळी हसली. नवे सदस्य तर पुढे कितीतरी दिवस मला भेटले की आधी केबलची चौकशी करत, आणि त्यांच्यातल्या काहींनी माझ्यावर विश्वास ठेवून घातलेली आरजी-६ काढून पुन्हा बारीक केबल ओढली. चिडलो ते यामुळे.

हिशेब कागदावर मांडला तर वाद उरत नाही. ७५ आणि ५० ओहमच्या एका सांध्यावर शक्तीचा फक्त चार टक्के भाग परततो, म्हणजे तोटा ०.१८ डेसिबल. केबलच्या दोन्ही टोकांना असा सांधा असेल आणि केबलची लांबी नेमकी नको तिथे जुळून आली, तरी तोटा पाऊण डेसिबलच्या आतच राहतो. शिवाय डिस्कोन स्वतः तरी सगळ्या पट्ट्यांवर ५० ओहमची कुठे असते? पंचवीस मीटरमध्ये साडेपाच डेसिबल वाचवण्यासाठी पाऊण डेसिबलचा धोका पत्करायचा की नाही, एवढाच हा व्यवहार आहे.

कागद त्यांना पटणार नव्हता, म्हणून मी त्यांना पुन्हा बोलावले आणि सारख्याच लांबीच्या दोन्ही केबल एकाच डिस्कोनला आळीपाळीने लावून दाखवल्या. कसोटीसाठी ४३५ मेगाहर्ट्झच्या बाजूचा एक दूरचा रिपीटर निवडला होता, कारण तो ठरावीक वेळाने आपले नाव मोर्स संकेतात पाठवतो आणि बोलणाऱ्याचा आवाज लहानमोठा झाल्याची सबब तिथे चालत नाही. बारीक केबलवर स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारे बटण) पूर्ण उघडूनही नुसती खरखर होती. कान दिला तर तिच्या तळाशी मोर्सचे लांब ठोके लागत होते, आखूड ठोके बुडून जात होते. पांढऱ्या केबलवर तेच नाव अक्षर न अक्षर उतरवून घेता आले. गृहस्थ गप्प झाले, मग म्हणाले की बारीक केबलचा कनेक्टर सैल असणार. त्यांनी तो स्वतः कापला, जाळी सोलून बोटांनी चाचपली, खिशातून आणलेला नवा कनेक्टर जोडला. निकाल तोच. त्यावर त्यांचे उत्तर होते, “ऐकू येते हे खरे, पण हे बरोबर नाही.” पुढच्या बैठकीत त्यांनी नवोदितांना पुन्हा पन्नास ओहमचाच पाठ दिला.

त्यांचा नियम आला कुठून, हे मला समजते. प्रक्षेपण करताना परतलेली शक्ती प्रक्षेपकाच्या अंगावर येते आणि तिथे जुळणी सांभाळावीच लागते. ऐकण्याच्या कामाला तो नियम तसाच लावणे म्हणजे विहिरीतून पाणी काढताना पोहऱ्याच्या कडीचे माप तपासत बसणे आणि पोहरा गळका आहे हे न पाहणे होय. एलएमआर-४०० सारखी जाड ५० ओहमची केबल आरजी-६ पेक्षा सरस आहे, यात शंका नाही. पण आपल्या लांबीत ४५० मेगाहर्ट्झला तिचा फायदा सव्वा डेसिबलच्या आसपास आहे, आणि ती इतकी ताठ असते की स्कॅनरच्या सॉकेटला सरळ जोडली तर सॉकेटच ढिला होतो. आरजी-६ च्या गाभ्यात तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद असते, असा आणखी एक आक्षेप घेतात. या वारंवारतांवर प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरातूनच वाहतो, तेव्हा आतले पोलाद त्याच्या वाटेला जात नाही.

कोणतीही केबल घेतली तरी वरचा सांधा पाण्यापासून वाचवला नाही तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. पाणी जाळीतून केशाकर्षणाने खाली उतरते आणि पावसाळा संपल्यावर कनेक्टर उघडला तर चकचकीत तांब्याच्या जागी हिरवट पूड निघते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळावी, आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथून टपकून जाते.

बूस्टर आत्ता घेऊ नये. स्कॅनरजवळ लावलेला बूस्टर केबलमध्ये हरवलेले परत आणत नाही. तो उपयोगी पडायचा तर केबलच्या वरच्या टोकाला, अँटेनेपाशी लागतो. तिथेही ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्रांचा मारा असेल तर तो आणि स्कॅनर दोघेही गुदमरतात, आणि विमानांच्या पट्ट्यावर गाणी ऐकू येऊ लागतात. तसे झाले तर आधी एफएम अडवणारा फिल्टर लावावा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. छतावरचा खांब आणि केबलची जाळी घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली असावी, केबलवर लाइटनिंग अरेस्टर असावा, आणि वादळाच्या वेळी केबल स्कॅनरपासून सोडवून ठेवावी; थेट पडणाऱ्या विजेपुढे यातले काहीच टिकत नाही. खांब विजेच्या तारांपासून इतका दूर असावा की आडवा पडला तरी त्यांना शिवणार नाही. कोणत्या देशात काय ऐकण्याची मुभा आहे हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असते आणि ते आपण पाहून घ्यावे. सांकेतिक केलेले डिजिटल संभाषण कोणत्याही अँटेनेने उलगडत नाही. आणि उद्या परवाना काढून आपण प्रक्षेपण करू लागलात, तर वरचा ७५ ओहमचा सल्ला रद्द समजावा.

आपण नेमके कोणते पट्टे ऐकता ते कळवलेत तर ग्राउंड प्लेनच्या दांड्यांची मापे काढून देईन. केबल मात्र तीच सांगेन.