लसीची सक्ती सरकार करू शकतं का?

प्रश्न : ताई, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात कामाला आहे. २०२१ च्या डिसेंबरात माझा दुसरा डोस राह्यला होता म्हणून मालकानी बारा दिवस कामावर घेतलं नाही आणि पगार कापला. आता ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानी लसीची सक्ती बेकायदा ठरवली. मग आपल्याकडं सरकारला असा अधिकार आहे का? कापलेला पगार मागता येईल का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, आधी त्या मेसेजचं बघू, कारण तो अर्धाच आहे. १३ जानेवारी २०२२ ला तिकडच्या कोर्टानं जो नियम अडवला तो १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांसाठी होता, लस घ्या नाहीतर दर आठवड्याला टेस्ट करा असा, आणि तो अडवताना कोर्ट म्हणालं की कामगार सुरक्षेच्या खात्याला एवढा मोठा नियम करायचा अधिकार तिथल्या संसदेनं दिलेलाच नाही. त्याच दिवशी त्याच कोर्टानं सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवरची सक्ती मात्र चालू ठेवली. आणि १९०५ साली देवीच्या लसीला नकार देणाऱ्याचा ५ डॉलरचा दंडही त्यांनी कायम केलेला, कारण तो कायदा तिथल्या एका राज्यानं केलेला आणि राज्याला तसा अधिकार होता.

आपल्याकडं बघायचा तो आपल्या सुप्रीम कोर्टाचा २ मे २०२२ चा निकाल, न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचा. राज्यघटनेच्या कलम २१ खाली आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. पण साथीच्या काळात सरकार बंधनं घालू शकतं हेही लिहिलंय, फक्त त्याला कायद्याचा आधार पाहिजे, हेतू रास्त पाहिजे आणि बंधन गरजेपुरतंच पाहिजे. मला हे शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. साथ ओसरलेली असताना लस न घेतलेल्यांना अडवणं कोर्टाला गरजेपेक्षा जास्त वाटलं, म्हणून असे नियम पुन्हा तपासा असं त्यांनी सुचवलं. हा निकाल कोविडच्या लसीपुरताच आहे हं, त्याच्या जोरावर कुणी पोरांची गोवर-पोलिओची लस चुकवू नका, मी हात जोडून सांगते.

कायद्याचा आधार म्हणजे नुसता साहेबाच्या सहीचा कागद नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोसवाल्यांनाच घेणारे आदेश आठवतात का, फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं म्हटलं की ते काढताना ठरलेली पद्धत पाळलेली नाही, आणि सरकारला ते मागं घ्यावे लागले.

माझ्या आज्जीच्या दंडावर देवीचे दोन गोल वण होते, कवडीएवढे. ती सांगायची, टोचणारा गावात आला की बाया पोरं कडेवर घेऊन उसात शिरायच्या आणि तो जाईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. २०२१ मध्ये आमच्या गल्लीत आशाताई एकेका घरी तीन-तीनदा आली, पायरीवर बसून शुगर असली तर काय, ताप आला तर काय हे सगळं सांगितलं, आणि जी म्हातारी नको नको म्हणत होती ती चौथ्या दिवशी आपल्या पायानं केंद्रावर गेली. सक्तीपेक्षा माझा जास्त विश्वास या पायरीवरच्या बोलण्यावर आहे.

आता तुमचा पगार. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात दुकानात काम करणाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत असं होतं आणि न पाळल्यास दंड मालकालाही होता, त्यामुळं मालक घाबरला असणार. सुप्रीम कोर्टाचा निकाल नंतरचा आहे आणि त्यात मागचे पगार परत द्या असं कुठं म्हटलेलं नाही, म्हणून नुसत्या त्याच्या जोरावर पैसे मिळतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण कामावर येऊ नका हे तुम्हाला लेखी दिलेलं का, त्या बारा दिवसांत रजा शिल्लक होती का, हजेरी वहीत काय मांडलंय, हे बघा. रजा शिल्लक असून पगार कापला असेल तर तो मुद्दा लसीचा राहत नाही, सरळ पगाराचा होतो, आणि तो सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारता येईल. खूप दिवस झालेत, तेव्हा मुदतीचं पहिलं विचारा, आणि पगाराच्या चिठ्ठ्या नि लसीचं सर्टिफिकेट दोन्ही सोबत न्या.